भाचेबाई, आता नीट दिवे लावा

हिंजवडीच्या नव्या इमारतीत दिव्यांचं कंट्रोल बीएमएसला, म्हणजे इमारतीच्या मध्यवर्ती नियंत्रण यंत्रणेला, जोडायचं काम तुझ्या गळ्यात पडलंय, हे ऐकून आधी मला हसूच आलं. 'काय दिवे लावलेस?' हा प्रश्न आपल्या घराण्यात माझ्याइतका कुणी ऐकलेला नाही. पॅनलपुढे उकिडवं बसून जे शिकलो ते लिहून पाठवतोय. चहा घेऊन वाच.

१. पहिल्याच बैठकीत विचार, वेळापत्रक बीएमएसकडे राहणार की दिव्यांच्या कंट्रोलरकडे? एकाकडेच ठेव — नाहीतर सातला एक दिवे घालवतो, सात-पाचला दुसरा लावतो. एका चुलीला दोन सासवा, भात करपलाच म्हणून समज.

२. डाली, म्हणजे दिव्यांच्या ड्रायव्हरना हुकूम पोचवणारी लाइन; तिच्या एका लाइनवर ड्रायव्हरचे पत्ते ६४च असतात, तू पन्नासच्या आसपास थांब — हँडओव्हरच्या आदल्या दिवशी कॉन्फरन्स रूममध्ये चार दिवे वाढतातच, आणि पाट शिल्लक असला की पाहुणा जड होत नाही.

३. डाली लाइनच्या दीड चौरस मिलिमीटरच्या तारेला ३०० मीटरची मर्यादा आहे, ती नकाशावर पट्टी ठेवून मोजू नकोस — केबल खांबाला वळसे घालते, खाली उतरते, परत चढते.

४. लाइनला ड्रायव्हर जोडण्याआधी मीटर लाव — तिथे १६च्या आसपास व्होल्ट हवेत, चुकून २३० आले तर बरेच ड्रायव्हर एकदम जातात. आणि 'एवढेच तर व्होल्ट' म्हणून उघड्या तारेला हात लावू नकोस. तिला मेनच्या तारेइतकाच मान द्यायचा.

५. कुठल्या दिव्याचा पत्ता कुठला, हे नकाशावर लिहून पॅनलच्या दारात चिकटव — बदललेला ड्रायव्हर कोरा येतो, ना पत्ता ना ग्रुप. मग खोलीतले सगळे मंद होतात नि तो एकटा वरातीतल्या पेट्रोमॅक्ससारखा लखलखत राहतो.

६. बॅकनेटवर, म्हणजे बीएमएस ज्या भाषेत बोलते तिथे, डालीला बीएमएसशी जोडणाऱ्या प्रत्येक गेटवेचा डिव्हाइस नंबर वेगळा दे — दोन जुळ्यांना एकच नाव ठेवलं की हाक मारल्यावर भलताच येतो.

७. हे मात्र नीट वाच. बॅकनेटमध्ये हुकमाला १६ पायऱ्या असतात, पहिली सगळ्यांत वरची. ऑपरेटरने पडद्यावरून दिलेला हुकूम बहुधा आठवीवर बसतो, वेळापत्रकाचा सोळावीवर.

एका भाऊबीजेला तुझ्या आईने तबक उचललं आणि माझा फोन वाजला: ऑफिसला सुट्टी, तरी चौथा मजला तीन रात्री जळतोय. गेलो. सेन्सर उघडला, गेटवे बंद-चालू केला, दोन तास गेले. शेवटी त्या पॉइंटच्या पायऱ्या उघडून पाहिल्या, तर आठवीवर 'चालू' मांडी घालून बसलेलं. साफसफाईसाठी कुणीतरी दिवे लावले आणि तसाच घरी गेला. वेळापत्रक बिचारं रोज 'बंद, बंद' ओरडत होतं, पण सोळावीवरून. मी मोठ्या शहाणपणाने आठवीवरच 'बंद' लिहिलं आणि ओवाळून घ्यायला परत आलो. सोमवारी सकाळी अख्खा मजला अंधारात बसलेला! आता माझंच 'बंद' वेळापत्रकाच्या डोक्यावर बसलं होतं.

तेव्हा ओव्हरराइड काढायचा तर तिथे 'नल' लिही, म्हणजे जागा मोकळी कर — खुर्चीवरून एकाला उठवून दुसऱ्याला बसवलं तर खुर्ची रिकामी होत नाही. आणि हाताने दिलेल्या प्रत्येक हुकमाला दोन तासांची मुदत घालून ठेव.

८. प्रत्येक दिव्याची खबर दर सेकंदाला मागू नकोस, बदल झाला की कळव एवढंच सांग — डालीची चाल सेकंदाला जेमतेम १२०० बिटांची. तू चौकशा करत राहिलीस तर भिंतीवरचं बटण दाबणारा ताटकळतो, मग पुन्हा पुन्हा दाबतो.

९. दिव्यांचा सेन्सर एसीलाही खुशाल वापर, पण थांबायची वेळ दोघांची वेगळी ठेव — दिवा क्षणात परत येतो, गारवा येत नाही.

१०. आग लागल्यावरचे दिवे सॉफ्टवेअरच्या भरवशावर सोडू नकोस, स्वतंत्र तारेने आण — सर्व्हर अपडेट व्हायला मुहूर्त बघत नाही.

११. हँडओव्हरआधी गेटवेची केबल स्वतःच्या हाताने उपट आणि भिंतीवरची बटणं चालतात का बघ. डाली लाइनची पॉवरही काढून बघ — मूळ सेटिंग बदललेलं नसेल तर दिवे पूर्ण तेजाने लागतात. हे आधी माहीत नसलं की मध्यरात्री भुताटकी वाटते.

१२. शेवटच्या रात्री सिक्युरिटीच्या काकांबरोबर सगळ्या मजल्यांवर एक फेरी मार — कुठला दिवा उगाच जळतो ते त्यांना तुझ्या पडद्याच्या आधी ठाऊक असतं. जाताना थर्मासमध्ये चहा ने, ते दोन मजले जास्तच दाखवतील.