शोथाचा आरंभ आणि शेवट

पायात काटा रुतला की थोड्याच वेळात तो भाग लाल होतो, सुजतो, हाताला ऊन लागतो आणि ठणकू लागतो. या अवस्थेस शोथ म्हणतात. शोथ हा मुळात रोग नव्हे. तो शरीराच्या संरक्षणाचा एक व्यापार आहे. रक्तातील पांढऱ्या पेशी जखमेकडे धाव घेतात, जंतूंना गिळतात आणि काम संपल्यावर नाहीशा होतात. या पेशींना बोलावतो कोण, आणि काम संपल्याचा निरोप त्यांना देतो कोण?

संदेशांचे मूळ

प्रत्येक पेशीचे आवरण मुख्यतः स्निग्ध पदार्थ व प्रथिने यांचे असते. त्यात ॲराकिडोनिक आम्ल नावाचे, २० कार्बन-अणूंचे मेदाम्ल गुंफलेले असते. पेशीस इजा पोचली किंवा जंतूंची चाहूल लागली, की एक एंझाइम हे आम्ल आवरणातून सुटे करते आणि त्यापासून निरनिराळे संदेशवाहक बनतात. ते बहुधा जन्मस्थानाच्या आसपासच कार्य करतात व लवकर नष्ट होतात.

बोलावणे

यांपैकी प्रोस्टाग्लँडिन ई-२ रक्तवाहिन्या रुंद करते व वेदनेच्या मज्जातंतूंना हळवे बनवते. ल्यूकोट्राइन बी-४ हे न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींना वाट दाखवते. ज्या दिशेस त्याचे प्रमाण अधिक, त्या दिशेने पेशी सरकते. १९७१ मध्ये जॉन व्हेन यांनी दाखवले की ॲस्पिरिन प्रोस्टाग्लँडिनांची निर्मिती रोखते. या क्षेत्रातील संशोधनासाठी व्हेन, सुने बेर्गस्ट्रॉम व बेंग्ट सॅम्युएल्सन यांना १९८२ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

निरोप

संदेशवाहक विरून गेले की शोथ आपोआप ओसरतो, अशी पूर्वी समजूत होती. परंतु १९८४ मध्ये चार्ल्स सेर्हान व सॅम्युएल्सन यांनी लिपॉक्सिन या पदार्थांचे वर्णन केले. तेही ॲराकिडोनिक आम्लापासूनच बनतात. मात्र त्यांचे कार्य उलट आहे. ते नव्या न्यूट्रोफिलांचे आगमन थांबवतात आणि मृत पेशी गिळून जागा स्वच्छ करण्यास महाभक्षी पेशींना प्रवृत्त करतात. विशेष असे की, आरंभी शोथ वाढवणारे प्रोस्टाग्लँडिन ई-२ हेच पुढे न्यूट्रोफिलांना लिपॉक्सिन बनवण्यास उद्युक्त करते. म्हणजे बोलावण्यातच निरोपाची तयारी असते.

हा निरोप अपुरा पडला, तर रक्षकच घर मोडू लागतात. संधिवाताभ संधिशोथात सांध्यांची हानी होते ती अशाच न शमणाऱ्या शोथामुळे. दम्यात काही ल्यूकोट्राइने श्वासनलिका आवळतात. त्यांचा परिणाम रोखणारे माँटेल्युकास्ट हे औषध आज वापरात आहे.

आजवरची बहुतेक औषधे शोथाचे बोलावणे दाबणारी आहेत. शमनाचा नैसर्गिक निरोप बळकट करणारे औषध घडवणे, हे या शाखेपुढील पुढचे कार्य होय.