आधी एमबीबीएस, मग सिनेमा?

बारावीतल्या मुलानं सिनेमाचं नाव काढलं की ठरलेलं वाक्य येतं : "आधी डिग्री घे, मग काय हवं ते कर." फ्रान्सच्या तोमा लिल्तीचं नाव कळलं तर असे पालक खूश होतील. रीतसर डॉक्टर झालेला, गावाकडे बदली डॉक्टर म्हणून प्रॅक्टिस केलेला हा माणूस आज तिथला नावाजलेला दिग्दर्शक आहे. पण त्याची गोष्ट या वाक्याच्या बाजूनं साक्ष देत नाही.

१९७६ साली जन्मलेल्या लिल्तीनं सिनेमा डिग्रीनंतरसाठी राखून ठेवला नव्हता. वैद्यकीय शिक्षण चालू असतानाच तो लघुपट करत होता. त्याचा पहिला मोठा चित्रपट फारसा गाजला नाही. त्या चित्रपटाचा हॉस्पिटलशी संबंधही नव्हता. पुढचा यायला बरीच वर्षं गेली. हाताशी डॉक्टरकी होती हे खरं. पण तिनं त्याला पैशांहून मोठी गोष्ट दिली, ती म्हणजे विषय.

'हिपोक्रात'मधला (२०१४) नवखा इंटर्न वडिलांच्याच वॉर्डात रुजू होतो. ईसीजीचं मशीन बंद, म्हणून तपासणी राहून जाते; रुग्ण दगावतो आणि वरिष्ठ प्रकरण झाकतात. त्याच वॉर्डात अल्जीरियाहून आलेला अनुभवी डॉक्टर मात्र इंटर्नचीच कामं करतो. ही भूमिका करणाऱ्या रेदा कातेबला सेझार पुरस्कार मिळाला. रात्रपाळ्या केल्याशिवाय असं काही सुचत नाही.

पालकांनी पाहावा तो २०१८चा 'प्रमिएर आने', म्हणजे 'पहिलं वर्ष'. तेव्हा फ्रान्समध्ये मेडिकलला प्रवेश घेणं सोपं होतं, वर्षाअखेरची चाळणी जीवघेणी. तिसऱ्यांदा बसलेला एक मुलगा आणि सर्जनचा मुलगा एकत्र अभ्यास करतात. पहिल्याला डॉक्टर व्हायचंच आहे. दुसऱ्याला जमतं, पण का व्हायचं ते माहीत नाही. नीटच्या क्लासबाहेर उभ्या असणाऱ्यांना हे नवं वाटणार नाही.

मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे तो करत असलेल्या टीव्ही मालिकेचं चित्रीकरण थांबलं, तेव्हा लिल्ती पुन्हा डॉक्टर म्हणून हॉस्पिटलात कामाला लागला.

आपल्याकडे डॉ. जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ. 'सामना' आणि 'सिंहासन' त्यांचे. तेही मेडिकलला असतानाच नाटकात होते. म्हणून सांगतो, केवळ सुरक्षित डिग्री हवी म्हणून एमबीबीएसला घालणं हा चुकीचा हिशेब आहे. इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं, त्याआधी नीटची दोनेक. रुग्णांविषयी ओढ नसेल, तर ती वर्षं डॉक्टरही घडवत नाहीत आणि दिग्दर्शकही.

मूल सिनेमा म्हणत असेल तर गेल्या वर्षभरात त्यानं काय बनवलं ते विचारा. मोबाइलवरची पाच मिनिटांची फिल्म असली तरी चालेल. ती शेवटपर्यंत पाहा आणि मग बोला. काहीच बनवलं नसेल तर आधी बनवू द्या. आणि डिग्रीचीच काळजी असेल, तर पुण्याच्या एफटीआयआयमध्ये दिग्दर्शनासाठी कुठल्याही शाखेची पदवी चालते.