जुन्या यंत्राची माती आणि परदेशचे बंदर

शेतीचे जुने यंत्र परदेशी पाठविताना व्यापारी इंजिन तपासतो, टायर पाहतो, रंगाचा एक हात मारतो. चाकाच्या खाचेतील वाळलेला चिखल तसाच राहतो. अमेरिकेच्या बंदरावर नेमका तोच पाहिला जातो. तो का, हे या धंद्यात असणाऱ्यांनी समजून घेतले पाहिजे.

कारण आहे लाळ्या-खुरकत. हा रोग आपल्या शेतकऱ्याला नवा नाही. जनावराच्या तोंडात व खुरांत फोड येतात, लाळ गळते, दूध आटते. मोठी जनावरे बहुधा वाचतात, म्हणून आपल्याकडे त्याची दहशत कमी. पण ज्या देशात हा रोग नाही, तेथे एका गोठ्यात तो सापडला की मांस व जनावरांची निर्यात थांबते. रोगाचे विषाणू लाळेतून, शेणामुतातून बाहेर पडतात. कडक उन्हात ते लवकर मरतात. थंड व ओलसर हवेत मात्र माती-शेणात काही आठवडे तग धरतात. म्हणजे जनावर जागचे हलले नाही तरी शेणखताची ट्रॉली रोग घेऊन गावोगाव जाऊ शकते.

ब्रिटनने याची किंमत मोजली आहे. २० फेब्रुवारी २००१ रोजी एसेक्समधील कत्तलखान्यात आलेल्या डुकरांना हा रोग असल्याचे निश्चित झाले. माग नॉर्थंबरलँडमधील एका डुक्करपालन केंद्रापर्यंत गेला. तेथे खरकटे न उकळताच खाऊ घातले जात होते. तोवर मेंढ्यांच्या बाजारांतून रोग दूरवर पसरला होता. सप्टेंबरअखेरपर्यंत दोन हजारांवर ठिकाणी लागण झाली आणि साठ लाखांहून अधिक जनावरे मारावी लागली. त्यांतील पुष्कळशी निरोगी होती. एकूण फटका सुमारे ८ अब्ज पौंडांचा. त्यात पर्यटन धंद्याचाही मोठा वाटा होता, कारण रानवाटाच बंद केल्या होत्या.

त्याच सुमारास अमेरिकेने नियम केला. ज्या प्रदेशात लाळ्या-खुरकत आहे तेथून शेतीचे वापरलेले यंत्र आणायचे, तर त्या देशाच्या सरकारी पशुआरोग्य खात्याच्या अधिकाऱ्याने सही केलेला मूळ दाखला हवा. शेवटच्या वापरानंतर व निर्यातीपूर्वी यंत्र वाफेने धुऊन उघडी माती व इतर कण काढले आहेत, असे त्यात लिहिलेले असावे लागते. गॅरेजवाल्याची धुलाईची पावती तेथे चालत नाही. दाखला असूनही माती आढळली आणि ती अगदी थोडी असली, तर बंदरावर सोय असल्यास धुण्याची मुभा मिळू शकते. एरवी माल नाकारला जातो, आणि भाडे अंगावर पडते.

असे नियम म्हणजे परदेशी माल अडविण्याचा बहाणा, असे काहीजण म्हणतात. आम्हाला ते पटत नाही. येथे बंदी यंत्राला नाही, घाणीला आहे. आणि भीतीही खोटी नाही: जानेवारी २०२५ मध्ये जर्मनीत बर्लिनजवळ म्हशींना हा रोग झाला. त्या देशात १९८८ नंतर तो प्रथमच दिसला, आणि अनेक देशांनी तिकडचा माल लगेच थांबविला.

भारतात २०१९ पासून लसीकरणाची राष्ट्रीय मोहीम आहे, तरी देश रोगमुक्त ठरलेला नाही. म्हणून येथून जाणाऱ्या जुन्या यंत्रालाही हीच अट आहे. कारखान्यातून थेट निघालेला कोरा ट्रॅक्टर तीत येत नाही. परंतु गिऱ्हाइकाला दाखविण्यासाठी शेतात फिरविलेला ट्रॅक्टर कोरा समजू नये.

धुताना नुसते जंतुनाशक शिंपडून भागत नाही. शेणाच्या थराखाली ते पोहोचत नाही, आधी थर खरवडून काढावा लागतो. पात्यांच्या मागची बाजू, साखळ्या, चाकाची आतली कड येथे माती दडून बसते. खर्च व दाखल्याची जबाबदारी कोणाची, हे सौद्यातच लिहून घ्यावे. आणि धुतलेले यंत्र बंदराकडे निघेपर्यंत शेतावर कोणाला देऊ नये. एक फेरी मारली की दाखला बाद.