विक्रीची योजना : तिच्यातील खाचखळगे आणि ते टाळण्याचे मार्ग

माल उत्तम असला म्हणजे तो आपोआप खपतो, ही समजूत आपल्या समाजात फार जुनी आहे. अलीकडे तिच्या जोडीला दुसरी एक समजूत आली आहे, ती अशी की, जाहिरात मोठी केली म्हणजे कोणताही माल खपतो. या दोन्ही समजुतींत सत्याचा अंश आहे. परंतु त्यांपैकी एकीवरच विसंबून धंदा उभारणारा मनुष्य बहुधा फसतो. कोणासाठी, कोणती वस्तू, कोणत्या किमतीस, कोठे आणि कोणत्या मार्गाने विकावयाची, या पाच प्रश्नांची आगाऊ आणि प्रामाणिक उत्तरे शोधणे म्हणजेच विक्रीची योजना होय. शास्त्रीय परिभाषेत याला विपणन-नियोजन असे म्हणतात.

विद्यार्थी मित्रहो, हा विषय केवळ मोठ्या कारखानदारांचा आहे असे समजू नका. तुमच्यापैकी काहीजण उद्या घरचे दुकान सांभाळतील, काहीजण नवा उद्योग काढतील. अशा उद्योगाचे भांडवल पुष्कळदा घरातूनच येते. वडिलांची निवृत्तीची पुंजी, आईचे दागिने किंवा पतपेढीचे कर्ज त्यात पडलेले असते. म्हणून योजनेतील चूक कागदावर राहत नाही, ती स्वयंपाकघरापर्यंत पोहोचते. अशा पाच चुकांचा येथे विचार करू.

पहिली चूक ही की, गिऱ्हाइकाच्या मनाचा ठाव न घेता वस्तू बाजारात आणणे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १८८८ साली बेळगावात सायकलचे दुकान काढले आणि पुढे लोखंडी नांगर बनवला. नांगर लाकडी नांगरापेक्षा सरस होता. तरीही लोखंडाने जमिनीत विष भिनते, या समजुतीमुळे शेतकरी त्याला हात लावीनात. पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली असे सांगतात. यावरून बोध असा की, वस्तूचा गुण आपल्याला पटून भागत नाही. गिऱ्हाइकाच्या मनातील शंकेचे निरसन हेही योजनेचेच अंग आहे आणि त्यासाठी लागणारा काळ व पैसा आधीच हिशेबात धरला पाहिजे. किर्लोस्करांनी धीर सोडला नाही. १९१० साली किर्लोस्करवाडी वसली आणि १९२० साली तेथून ‘किर्लोस्कर खबर’ हे नियतकालिक निघू लागले. कारखान्याच्या वार्तेसाठी निघालेले ते पत्र पुढे मराठी घराघरांत वाचले जाणारे मासिक झाले.

दुसरी चूक ही की, चौकशी करणे, पण चुकीचा प्रश्न विचारणे. अमेरिकेतील कोका-कोला कंपनीने १९८५ साली आपल्या पेयाची चव बदलली. त्याआधी सुमारे दोन लाख लोकांना दोन्ही पेये चाखावयास देऊन त्यांचे मत घेतले होते आणि अधिक लोकांनी नव्या चवीला पसंती दिली होती. तरीही २३ एप्रिल रोजी नवे पेय जाहीर होताच जुन्याच्या आठवणीने लोक संतापले आणि ७९ दिवसांत कंपनीला जुने पेय परत आणावे लागले. घोटभर चाखून कोणते गोड लागते, हे त्या चाचणीत कळले; जुन्या पेयाशी लोकांचे जे नाते होते त्याचे माप तीत उतरले नाही. म्हणून शेजाऱ्याला ‘आमचा माल आवडला का?’ असे विचारून थांबू नये. तो भिडेने होच म्हणेल. ‘सध्या तुम्ही हा जिन्नस कोठून घेता, किती घेता आणि काय भाव देता?’ असे विचारावे. होकारापेक्षा हे उत्तर अधिक भरवशाचे.

तिसरी चूक म्हणजे स्वस्ताई हाच एकमेव गुण मानणे. टाटा मोटर्सने २००८ साली नॅनो ही गाडी लाखभर रुपयांच्या किमतीची म्हणून जगापुढे मांडली आणि २००९ साली ती विक्रीस आणली. दुचाकीवर दाटीवाटीने बसून जाणाऱ्या कुटुंबाला सुरक्षित वाहन मिळावे, हा तिच्यामागील हेतू उदात्त होता. गुजरातेतील साणंदचा कारखाना वर्षाला अडीच लाख गाड्या काढू शकेल असा बांधला गेला; परंतु कोणत्याही वर्षी विक्री लाखापर्यंतही गेली नाही आणि २०१८ साली उत्पादन थांबले. विलंब, काही गाड्यांना लागलेल्या आगी, वाढलेली किंमत अशी कारणे अनेक होती. परंतु ‘सर्वांत स्वस्त गाडी’ हा शिक्का बसला हे घातक ठरले, असे रतन टाटांनीही पुढे बोलून दाखवले. आपल्याकडे गाडी ही प्रतिष्ठेची वस्तू आहे. ‘सर्वांत स्वस्त’ म्हणून ती दारात उभी करावयास कोणाला आवडेल?

याच्या उलट उदाहरण निरमाचे. अहमदाबादेत करसनभाई पटेल यांनी १९६९ साली धुण्याची पूड तयार करून सायकलवरून दारोदार विकण्यास आरंभ केला. भाव होता किलोस सुमारे साडेतीन रुपये. प्रसिद्ध कंपनीची पूड त्याच्या कितीतरी पट महाग होती. धुण्याची पूड कोणी मिरवण्यासाठी विकत घेत नाही. म्हणून येथे स्वस्ताई गुणकारी ठरली. आणि येथेच चौथी चूकही दिसते, ती म्हणजे लहान प्रतिस्पर्ध्याकडे दुर्लक्ष करणे. मोठ्या कंपनीला या पुडीचे बळ उमगून तिच्या तोडीची स्वस्त पूड बाजारात आणीपर्यंत १९८० चे दशक उजाडले होते.

पाचवी चूक सर्वांत साधी आणि सर्वांत घातक, ती म्हणजे हिशेबातील चूक. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका तरुणाने कोकम सरबताच्या बाटल्या विकावयाचे ठरवले. जागेचे भाडे, मजुरी इत्यादी कायम खर्च महिना १२,००० रुपये. एका बाटलीस माल, बाटली व वाहतूक मिळून ७० रुपये. छापील किंमत १२०. तो म्हणतो, ‘बाटलीमागे ५० सुटतात; २४० बाटल्या खपल्या की खर्च निघाला.’ परंतु दुकानदार त्याला १००च रुपये देतो. उरलेले २० दुकानदाराचे. म्हणजे सुटतात ३० आणि खर्च निघण्यास ४०० बाटल्या लागतात. शिवाय दुकानदार पैसे दीड महिन्याने देतो. तेवढ्या अवधीत ६०० बाटल्यांचे ४२,००० आणि कायम खर्चाचे १८,००० मिळून ६०,००० रुपये पदरचे घालावे लागतात, आणि तेही नफ्याचा एक पैसा न दिसता. माल खपत असूनही धंदे बुडतात ते असे. उधारीवर गेलेला माल म्हणजे हाती आलेला पैसा नव्हे.

याच उदाहरणात काळवेळाचाही विचार हवा. कोकमाचे फळ उन्हाळ्याच्या अखेरीस हाती येते. ते पावसापूर्वी वाळवून, टिकवून ठेवावे लागते. आपल्या गोव्यात पावसाळ्याची बेगमी करण्याची, म्हणजे पुरुमेंताची, चाल आहे. मे महिन्यात घरोघर सुकी मासळी, मिरची, कोकम यांची खरेदी होते. वर्षाच्या बारा महिन्यांची विक्री सारखी धरून केलेली योजना अशा बाजारात टिकणार नाही.

आता उपायांचा सारांश. योजना एका कागदावर, साध्या भाषेत लिहावी. आपले गिऱ्हाईक ‘सर्व लोक’ असे लिहू नये. कोणत्या गावचे, कोणत्या मिळकतीचे, हे लिहावे. आरंभ थोड्या मालाने करावा. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात चार आठवडे बसून जे ज्ञान मिळते ते चार पुस्तकांत मिळत नाही. खपाचा अंदाज निम्म्यावर आणून पाहावा आणि तरीही घर तरेल का, हे तपासावे. किती तोटा झाल्यावर थांबावयाचे, तो आकडा धंदा सुरू करण्यापूर्वीच लिहून ठेवावा. कारण तोटा होऊ लागल्यावर माणसाची बुद्धी आशेच्या आहारी जाते. आणि दर महिन्यास कागदावरील आकडे व वहीतील आकडे शेजारी मांडून योजना दुरुस्त करावी.

‘बाजारात तुरी’ ही म्हण आपण घरातील भांडणावरून शिकलो. परंतु व्यापाऱ्यानेही ती ध्यानात ठेवावी. तुरी अजून बाजारात आहेत, घरात आलेल्या नाहीत, एवढे भान ज्याला राहील, त्याचे साहस डोळस होईल. साहस नको असे कोणी म्हणणार नाही. दोन वर्षे वाट पाहणारे किर्लोस्करही साहसीच होते. मात्र घरच्यांच्या पुंजीवर साहस करावयाचे, तर हिशेबाची वही घरच्यांसमोर उघडी ठेवणे हे आपले पहिले कर्तव्य आहे.