चाळणीने खरा मालही अडवला तर?
घरच्या व पेढीच्या इंटरनेट फिल्टरची दुरुस्ती : एक पाठ

समजा, संध्याकाळचे सात वाजले आहेत. सुरतच्या पेढीसाठी ग्रे कापडाचे ताके टेम्पोत चढले आहेत, ड्रायव्हर घाई करतो आहे आणि ई-वे बिलाचे संकेतस्थळ उघडतच नाही. पडद्यावर इंग्रजीत सूचना येते की हे स्थळ सुरक्षेसाठी अडवण्यात आले आहे. राज्याबाहेर ५०,००० रुपयांपेक्षा अधिक किमतीचा माल न्यायचा तर १ एप्रिल २०१८ पासून हे बिल सक्तीचे आहे. ते हाती आल्यावाचून गाडी सोडता येत नाही. अशा वेळी मुलगा किंवा मुनीम म्हणतो, "सगळे फिल्टर बंद करून टाकू, लगेच उघडेल." आणि खरोखर उघडते. बिल निघते, गाडी जाते. मात्र बंद केलेला पहारा पुन्हा सुरू करण्याची आठवण कोणालाच राहत नाही.

भिवंडीत पुष्कळ ठिकाणी खाली गाळा किंवा पेढी आणि वर घर अशी रचना असते. इंटरनेटचा राउटर एकच. त्याच तारेवर खाली बँकेचे व्यवहार चालतात आणि वर मुले अभ्यास करतात. मुलांसमोर नको ते येऊ नये आणि ठगांनी खाते रिकामे करू नये, म्हणून आपण फिल्टर लावतो. तो कधी कधी चुकतो हे खरे. घडी खात्यातील तपासनीसही कधी कधी चांगला ताका डागी म्हणून बाजूला टाकतो. म्हणून कोणी तपासणीच बंद करत नाही. तो ताका पुन्हा टेबलावर घेतला जातो, उजेडात पाहिला जातो आणि चांगला असेल तर तेवढाच सोडला जातो. इंटरनेटच्या बाबतीतही रीत हीच असावी. ती कशी, ते या पाठात क्रमाने पाहू.

पहारा कोठे कोठे असतो?

फिल्टर एकच असतो, असे आपण समजतो. प्रत्यक्षात सुतापासून ताक्यापर्यंत माल जसा अनेक हातांतून जातो, तसे संकेतस्थळही अनेक चाळण्यांतून आपल्यापर्यंत येते.

पहिली चाळणी ब्राउझरची. क्रोम आणि फायरफॉक्स हे गूगलच्या 'सेफ ब्राउझिंग' यादीशी पत्ता ताडून पाहतात, तर एज हा मायक्रोसॉफ्टच्या 'स्मार्टस्क्रीन'शी. ब्राउझरला जोडलेली जाहिरात-रोधक पुरवणीही यातच धरावी.

दुसरी संगणकावरील अँटिव्हायरसची.

तिसरी राउटरची. त्यात 'पॅरेंटल कंट्रोल' नावाचा विभाग असतो.

चौथी डीएनएसची. डीएनएस म्हणजे नावावरून क्रमांक सांगणारी डिरेक्टरी. आपण नाव टाइप करतो, ती त्या नावाच्या संगणकाचा क्रमांक सांगते. काही डिरेक्टऱ्या वाईट नावांचा क्रमांक सांगतच नाहीत. क्लाउडफ्लेअर कंपनीची १.१.१.२ ही सेवा घातक स्थळे अडवते, तर १.१.१.३ ही घातक व अश्लील दोन्ही. ९.९.९.९ ही क्वाड-नाइनची सेवा घातक स्थळे अडवते.

पाचवी चाळणी इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीची. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६९-अ खाली सरकारचा किंवा न्यायालयाचा आदेश आला, तर ती स्थळ बंद करते.

यांपैकी कोणत्या चाळणीने अडवले हे कळले की निम्मे काम झाले.

खरा माल का अडतो?

पहिले कारण शब्द. १९९६ साली अमेरिकेच्या एओएल कंपनीच्या फिल्टरने इंग्लंडमधील स्कन्थॉर्प गावच्या रहिवाशांना खाते उघडू दिले नाही. गावाच्या नावात मधली काही अक्षरे एका अश्लील शब्दाशी जुळत होती, एवढाच त्या गावाचा गुन्हा. आपल्या धंद्यातही हा धोका आहे. अस्तराच्या कापडाच्या शेड-कार्डात त्वचेच्या रंगाच्या छटेला 'न्यूड' म्हणतात. नुसते शब्द पाहणारा फिल्टर अशा पानावर अडखळू शकतो.

दुसरे कारण गट. कित्येक फिल्टरांत अंतर्वस्त्रांच्या स्थळांचा स्वतंत्र गट असतो. होजिअरीच्या ठोक व्यापाऱ्याचे सरळ दुकानही त्यात जाऊन बसते.

तिसरे कारण नवखेपणा. ठग रोज नवी नावे नोंदवतात, म्हणून अनेक फिल्टर नुकत्याच नोंदवलेल्या नावांवर संशय घेतात. गेल्या आठवड्यात सुरू झालेली एखाद्या होतकरू कारागिराची साइटही त्यात सापडते.

चौथे कारण शेजार. स्वस्त भाड्याच्या एका सर्व्हरवर शेकडो साइटी असतात. एकाने घाण केली की त्या क्रमांकावरील सगळ्यांवर ठपका येतो.

पाचवे कारण आदेश राबवताना झालेला अतिरेक. ११ जुलै २००६ च्या मुंबई लोकलमधील स्फोटांनंतर काही दिवसांतच सरकारने मोजकी पाने बंद करण्यास सांगितले. कंपन्यांनी त्या पानांऐवजी ब्लॉगस्पॉटसारख्या सेवा सबंध बंद केल्या आणि हजारो निरुपद्रवी लेखकांची पाने दिसेनाशी झाली. फक्त ठरावीक पानेच बंद करा, असे सरकारला पुन्हा सांगावे लागले. डिसेंबर २०१४ मध्ये महाराष्ट्राच्या दहशतवादविरोधी पथकाच्या मागणीवरून ३२ पत्ते बंद झाले. त्यांत व्हिमिओ, डेलीमोशन आणि संगणक-कारागीर वापरतात ते गिटहब यांचेही पत्ते होते. पुढे त्यांपैकी काही खुले करण्यात आले. मोठ्या यंत्रणांच्या हातून असे होते, तर घरातल्या छोट्या राउटरकडून झाले यात नवल नाही.

आधी नाव तपासा

मात्र फिल्टरने अडवले म्हणजे फिल्टरच चुकला, असे गृहीत धरू नका. अडवलेले स्थळ खरे आहे ना, हे आधी पाहा.

उद्यम नोंदणीचे उदाहरण घ्या. १ जुलै २०२० पासून सुरू असलेली ही नोंदणी सरकारी संकेतस्थळावर पूर्णपणे मोफत आहे. तरीही तिच्यासारख्या दिसणाऱ्या खासगी साइटी शुल्क मागतात. अशी साइट फिल्टरने अडवली, तर त्याने आपल्यावर उपकारच केले. सरकारी पत्त्याचा शेवट 'डॉट गव्ह डॉट इन' किंवा 'डॉट निक डॉट इन' असा असतो. शेवट म्हणजे अगदी शेवट. ही अक्षरे मध्ये कोठेतरी घालून पुढे दुसरेच नाव लावलेले असेल, तर ते स्थळ सरकारी नव्हे.

बँकांबाबत एक नवी गोष्ट ध्यानात ठेवावी. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ मध्ये बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपली संकेतस्थळे 'डॉट बँक डॉट इन' या शेवटाच्या नावांवर नेण्यास सांगितले. हे नाव फक्त बँकांनाच मिळते, त्यामुळे ओळख सोपी झाली. पण आपण पूर्वी राउटरमध्ये बँकेचे जुने नाव परवानगीच्या यादीत लिहिले असेल, तर नव्या नावाला ती परवानगी लागू होत नाही. ते वेगळे लिहावे लागते.

व्हॉट्सअॅपवर आलेल्या दुव्यावरून पत्ता कधीही ठरवू नये. तो पासबुकावरून, पावतीवरून किंवा कार्यालयाच्या पत्रावरून हाताने टाइप करावा.

दोष शोधण्याच्या पायऱ्या

नाव खरे ठरले की पुढील क्रमाने जावे.

१. संगणकाच्या घड्याळातील तारीख पाहा. वीज जाऊन-येऊन जुन्या संगणकाची आतील बॅटरी संपलेली असली, तर तारीख मागे जाते आणि ब्राउझर चांगल्या स्थळांनाही असुरक्षित म्हणतो. तारीख सुधारताच हा दोष जातो.

२. मोबाइलचे वायफाय बंद करून मोबाइल डेटावर तेच स्थळ उघडा. तेथेही उघडले नाही, तर दोष बहुधा त्या स्थळाचा आहे किंवा ते वरूनच बंद आहे. उघडले, तर दोष आपल्या घरात आहे. मोबाइलमध्ये व्हीपीएन चालू असेल तर आधी तो बंद करा. अनेक सरकारी स्थळे परदेशातून उघडत नाहीत आणि व्हीपीएनमुळे आपण परदेशात असल्याचे भासते.

३. आता घरच्याच वायफायवर दुसरा संगणक किंवा मोबाइल वापरून पाहा. त्यावर उघडले, तर दोष फक्त पहिल्या संगणकात, म्हणजे ब्राउझरमध्ये किंवा अँटिव्हायरसमध्ये आहे. कोठेच उघडले नाही, तर राउटर किंवा डीएनएस पाहावा.

४. पहिल्याच संगणकात दोष असेल, तर गुप्त खिडकी, म्हणजे 'इन्कॉग्निटो', उघडा. तिच्यात पुरवण्या सहसा चालत नाहीत. तेथे स्थळ उघडले तर अडवणारी जाहिरात-रोधक पुरवणी असण्याचा संभव अधिक.

५. डीएनएसची शंका असेल, तर विंडोजच्या काळ्या 'कमांड' खिडकीत 'एनएसलुकअप' लिहून पुढे स्थळाचे नाव द्या. उत्तरात नुसती शून्ये आली किंवा असे नावच नाही असे उत्तर आले, पण मोबाइल डेटावर स्थळ उघडत असेल, तर डिरेक्टरीनेच क्रमांक लपवला आहे.

६. पडद्यावर दूरसंचार विभागाच्या किंवा न्यायालयाच्या आदेशाचा उल्लेख असेल, तर तेथे थांबा. तो आपल्या घरचा दोष नाही. पळवाट काढू नये, कंपनीकडे लेखी विचारणा करावी.

एकच दार उघडा

चाळणी सापडली की तिच्यात 'अलाउ लिस्ट', 'व्हाइटलिस्ट' किंवा 'एक्सेप्शन' असा रकाना शोधा. तेथे फक्त त्या एका स्थळाचे नाव लिहा. संपूर्ण गट उघडू नका. अँटिव्हायरस दहा मिनिटांसाठी बंद करणे हा उपाय नाही, त्या दहा मिनिटांतही घात होऊ शकतो.

१.१.१.३ सारख्या मोफत सार्वजनिक सेवेत आपली स्वतःची यादी करता येत नाही. तेव्हा राउटरवर, म्हणजे घरासाठी, १.१.१.३ तसाच ठेवावा आणि पेढीच्या हिशेबाच्या एका संगणकापुरता १.१.१.२ लावावा. घातक स्थळांचा पहारा कायम राहतो आणि गट चुकल्यामुळे अडलेले होजिअरीचे दुकान उघडते. आकडे इंग्रजीत टाइप करावेत.

बदल केल्यावरही जुनेच उत्तर येत असेल, तर घाबरू नका. संगणक जुने उत्तर काही वेळ लक्षात ठेवतो. ब्राउझर बंद करून उघडा, राउटर एकदा बंद-चालू करा. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये 'सिक्युअर डीएनएस' चालू असेल, तर तो राउटरला न विचारता स्वतःचीच डिरेक्टरी वापरू शकतो, हेही तपासा.

काही स्थळे उघडतात, पण पैसे भरण्याचे पान अडते. कारण ते पान दुसऱ्याच नावाने चालते. त्या दुसऱ्या नावाची वरीलप्रमाणे वेगळी तपासणी करून मगच त्याला वाट द्यावी.

चूक कळवा

आपण आपल्यापुरते दार उघडले, तरी मूळ यादीतील चूक तशीच राहते आणि दुसऱ्याचा धंदा अडतो. गूगल, क्लाउडफ्लेअर आणि क्वाड-नाइन या तिघांकडेही चुकीची नोंद कळवण्याची सोय आहे. दोन ओळींचे काम असते.

ज्यांची स्वतःची साइट आहे आणि ग्राहक सांगतात की ती लाल दिसते, त्यांनी हे गंभीरपणे घ्यावे. कित्येकदा साइटमध्ये चोराने खरोखर काही घुसवलेले असते. गूगलच्या 'सर्च कन्सोल'मध्ये कारण दिसते. आधी साफसफाई करावी आणि मग तेथूनच फेरतपासणी मागावी.

वहीत नोंद

जसा रोजमेळ, तशी यासाठी एक छोटी वही ठेवा. तारीख, स्थळाचे पूर्ण नाव, कोणत्या चाळणीत परवानगी दिली, कोणी दिली आणि का दिली, एवढे पाच रकाने पुरेत. दर तीन महिन्यांनी वही उघडून नको असलेल्या परवानग्या काढाव्यात. राउटरचा कंपनीने दिलेला मूळ पासवर्डही बदलून ठेवावा, नाहीतर आपली यादी दुसराच कोणी लिहील. पहारा ढिला राहून फसवणूक झालीच, तर वेळ न दवडता १९३० या क्रमांकावर कळवावे. जितके लवकर कळवाल, तितकी रक्कम वाचण्याची आशा अधिक.

आपल्या संगणकात फक्त आपला पैसा नसतो. व्यापाऱ्यांची खाती, कारागिरांचे आधार क्रमांक, दलालांचे हिशेब हे सारे त्यात असते. ती लोकांची अमानत आहे. घाईच्या एका संध्याकाळी ती उघड्यावर टाकू नये.

सराव

१. आज, गाडी दारात उभी नसताना, आपल्या घरात वरीलपैकी किती चाळण्या आहेत ते मोजून लिहा.

२. ई-वे बिल, जीएसटी आणि आपल्या बँकेचे नवे नाव ही तिन्ही स्थळे वायफायवर आणि मोबाइल डेटावर उघडून पाहा.

३. पुरवणी किंवा अँटिव्हायरसच्या परवानगी यादीत सध्या कोणती नावे आहेत ती पाहा. ज्याचे कारण कोणालाच सांगता येत नाही, ते नाव काढून टाका.