डिझेल एंजिनाची अंतर्गत परीक्षा

डिझेल एंजिनात ठिणगी नसते. हवा सुमारे वीसपट दाबली जाऊन ५०० अंशांपलीकडे तापते व त्या उष्णतेने इंधन पेटते. दाब गळू लागला की दिल्लीच्या जानेवारीत जुनी गाडी सकाळी सुरू होत नाही. परंतु दुर्बळ बॅटरीनेही तेच घडते. तेथे १० वर्षांवरील डिझेल गाड्यांना राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ साली मनाई केल्यापासून, एंजिन उघडण्याचा खर्च करावा काय, हा प्रश्न अधिकच बिकट झाला.

प्रथम प्रत्येक सिलिंडरात, दट्ट्या माथ्यावर व झडपा मिटलेल्या असता, दाबाची हवा सोडून कान द्यावा. तेल ओतण्याच्या तोंडाशी मोठा फूत्कार आल्यास दट्ट्याच्या कड्या झिजल्या. धुराड्यात आल्यास झडप. रेडिएटरात बुडबुडे उठल्यास बहुधा हेडखालचे गॅस्केट गेले. त्यासाठी केवळ हेड उतरवावे लागते.