रुपया-आण्यांची जुनी चिन्हे आणि संगणकीय संहिता : मोडी कागदांच्या लिप्यंतराच्या संदर्भात

खेड तालुक्यातील कुरुळी हे गाव आज चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात मोडते. या परिसरातील कारखान्यांच्या देयकांवर ₹ हे चिन्ह संगणकाच्या कळफलकावरून सहज उमटते. याच चाकण परगण्यातील गावांचे पेशवेकालीन हिशेब मात्र मोडीत लिहिले जात, आणि त्यांतील रुपया-आण्यांची चिन्हे आजच्या सामान्य कळफलकावर सापडत नाहीत. असे कागद देवनागरीत उतरवून संगणकीय संहितेच्या रूपाने ठेवताना या चिन्हांचे काय करावे, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. प्रश्न वरवर तांत्रिक दिसतो. वस्तुतः तो संहितेच्या प्रामाण्याचा आहे.

१. चिन्हव्यवस्था आणि भाषा

रुपयाचे आणे सोळा. त्यांचे प्रथम चार भाग पडत व प्रत्येक भागाचे पुन्हा चार. उभी रेघ पावाची, दोन रेघा अर्ध्याच्या, तीन पाऊणच्या. त्याखालील एक, दोन, तीन आणे आडव्या अथवा तिरप्या रेघांनी दर्शविले जात. म्हणजे सात आणे लिहिताना एक उभी रेघ व तीन आडव्या रेघा येत.

ही मांडणी मराठीच्या मोजणीशी एकरूप आहे. पाव, सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच हे शब्द, पावकी-निमकी-पाऊणकीचे पाढे, चवली-पावली-अधेली ही नाणी, ‘सोळा आणे खरे’ हा वाक्प्रचार, या सर्वांमागे एकच गणनपद्धती आहे. १॥ हे चिन्ह ‘दीड’ या शब्दाचेच लेखन होय. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणेपद्धती आली, ३० जून २०११ पासून पंचवीस पैशांचे नाणेही चलनातून गेले. तरी आजचा मराठी भाषक ₹ १.५० हे ‘दीड रुपया’ असेच वाचतो. भाषेने जे राखले, ते लेखनाने सोडले.

२. आकृती आणि संकेतांक

संगणकाला आकृती कळत नाही. त्याला संकेतांक कळतो. ₹ चिन्हाचा इतिहास या दृष्टीने बोधप्रद आहे. उदय कुमार यांनी रेखाटलेले हे चिन्ह केंद्र सरकारने १५ जुलै २०१० रोजी स्वीकारले. आरंभी काही फॉन्टांत ते कळफलकावरील दुसऱ्याच एका चिन्हाच्या जागी बसविण्यात आले. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर रुपयाऐवजी ते मूळ चिन्हच दिसे. युनिकोडच्या ६.० या आवृत्तीत, ऑक्टोबर २०१० मध्ये, ₹ ला २०बी९ हा स्वतंत्र संकेतांक मिळाला आणि ही अडचण तत्त्वतः संपली.

जुन्या चिन्हांना असा संकेतांक त्याच्या एक वर्ष आधीच, २००९ मधील ५.२ या आवृत्तीत, मिळाला होता. अंशुमन पांडे यांच्या प्रस्तावावरून सिद्ध झालेल्या या गटात पाव, अर्धा, पाऊण व आण्यांच्या रेघा ए८३० ते ए८३५ या स्थानांवर आहेत. रुपयाची खूण ए८३८ वर आहे. २०१४ मध्ये ७.० या आवृत्तीत मोडी लिपीचा समावेश झाला, तेव्हा मोडीसाठीही हाच गट उपयोगी ठरला. तथापि तो दर्शविणारे फॉन्ट सर्वत्र नसल्याने बहुतेक जण विरामचिन्हांचे दंडच वापरतात. प्रस्तुत लेखातही छपाईच्या सोयीसाठी दंडच योजले आहेत.

३. दंडाच्या वापरातील धोका

ओवीच्या शेवटी येणारा ॥ १ ॥ हा अनुक्रमांक आणि १॥ ही रक्कम यांतील भेद जाणता वाचक संदर्भाने ओळखतो. संगणकाला मात्र दोन्ही ठिकाणी एकच विरामचिन्ह दिसते. शोध घेताना, अथवा विरामचिन्हे गाळून शब्दसूची सिद्ध करताना, रकमेचा अर्धा रुपया निमूटपणे नाहीसा होतो. ‘३॥।’ मधील रेघा गळाल्यास उरतात केवळ तीन. बारा आणे बुडतात, आणि बुडाल्याची खूणही मागे राहत नाही. अशा संहितेवरून एखाद्या गावाच्या वसुलाची बेरीज करणारा अभ्यासक चुकतो. पण त्या चुकीचे मूळ त्याच्या वाचनात नसून त्याच्या हाती आलेल्या संहितेत असते.

रकमा दशमानात उतरविणे हाही सुरक्षित मार्ग नव्हे. तीन रुपये सात आणे म्हणजे ३.४३७५ रुपये. ही संख्या अचूक असली तरी कारकुनाने लिहिलेली नव्हे. ती ३.४४ केली, तर मूळ बेरीजच जुळत नाही.

४. समारोप

यावरून संपादनासाठी काही पथ्ये निष्पन्न होतात. लिप्यंतरात मूळ चिन्ह त्याच्या स्वतंत्र संकेतांकानेच नोंदवावे. त्यालगत चौकटी कंसात रक्कम शब्दांत द्यावी, उदाहरणार्थ [तीन रुपये बारा आणे]. म्हणजे फॉन्टअभावी चिन्ह दिसले नाही तरी अर्थ टिकेल आणि शोधही घेता येईल. दशमान रूपांतर संहितेत न करता स्वतंत्र तक्त्यात करावे. स्वीकारलेली पद्धत प्रस्तावनेत सांगावी.

पाठचिकित्सेत एका मात्रेचा भेदही नोंदविला जातो. हिशेबाच्या कागदात रेघेचे स्थान तेच आहे. ती गाळणाऱ्या संपादकाने शब्द गाळल्याइतकाच दोष पत्करलेला असतो.